कोरडवाहू संशोधनात येताय? आधी ऑगर उचला

एम.एस्सी.ला कृषिविद्या घेतली तेव्हा संशोधन म्हणजे पांढरा कोट, एवढीच माझी समजूत. प्रयोग मिळाला सोलापूर भागातल्या रब्बी ज्वारीचा आणि पहिल्याच दिवशी हातात आलं ऑगर, म्हणजे माती काढायचं गिरमिट. काळ्या रानात वरचा थर ते सहज कापतं. खाली गेलं की नोव्हेंबरात दोघं लोंबकळले तरी हलत नाही. निघालेली माती ॲल्युमिनियमच्या डबीत, झाकण घट्ट, लगेच वजन. मग ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास आणि पुन्हा वजन. जेवढं घटलं तेवढी ओल. एकदा डब्या बांधावर उन्हात ठेवून जेवायला बसलो. निम्म्या झाकणांची फट राहिलेली. त्या आठवड्याचे आकडे फेकून द्यावे लागले.

एवढा खटाटोप का, तर हे पीक वाढतं पावसाळ्यात मुरलेल्या पाण्यावर. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. फार आधी पेरलं तर खोडमाशी, उशीर केला तर ओल खाली गेलेली. पीक आठ आठवड्यांचं झालं की दातेरी कोळपं चालवायचं, ते तणापेक्षा भेगा बुजवायला. काळ्या जमिनीतली ओल भेगांतून उडते. सोलापूरचं कोरडवाहू केंद्र १९३३ सालचं. तेव्हापासून प्रश्न तोच आहे: पडलेलं पाणी रानातच कसं ठेवायचं?

वाण सांगण्याआधी मातीची खोली मोजा. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. हे मला तोंडपाठ होतं, म्हणून पहिल्या शिवारफेरीत मी ऐटीत हेक्टरी क्विंटल सांगत सुटलो. एका आजोबांनी ज्वारीचं ताट मोडलं, चावून बघितलं आणि विचारलं, ''दाणा र्‍हाऊ द्या. कडबा किती शेकडा निघतोय?'' आम्ही कडबा किलोत मोजलेला, ते शेकडा पेंढ्यांत विचारत होते. वर म्हणाले, ''ताट जाड हाय. जनावर बुडखा सोडतंय.'' त्यांच्या दारात दोन म्हशी. चारा विकत घ्यायचा झाला तर दुधाचा पैसा त्यातच जाणार. मालदांडी हा जुना वाण अजून का टिकून आहे, ते मला त्या दिवशी उमगलं. तेव्हापासून माझ्या वहीत पेंढ्यांचा रकाना असतो.

वाट सांगायची तर बी.एस्सी. कृषी चार वर्षं, एम.एस्सी. दोन. सातव्या सत्रातला ग्रामीण कार्यानुभव बहुतेक जण फोटोंपुरता उरकतात. तसं करू नका. गावात राहून ऐकलेलं पुढं फार कामाला येतं. नंतर रिसर्च फेलोची जागा मिळू शकते, पण प्रकल्प संपला की नेमणूकही संपते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. नेटची, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षेची, तयारी फेलोशिप चालू असतानाच करा. कृषी विज्ञान केंद्रं, पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्था, बियाणं कंपन्या याही वाटा आहेत. मला पाणलोटातलं काम जास्त भावतं, हा आवडीचा भाग.

आणि प्रक्षेत्रावरच्या मजूर बायकांशी नीट वागा. कुठल्या वाफ्यात पाणी साचतं, पाखरं आधी कुठं बसतात, हे त्यांना नकाशाशिवाय ठाऊक असतं. माझे दोन वाफे अदलाबदल झालेत, हे पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात आलं. वही मात्र पेन्सिलीनं लिहा. घामानं शाई फुटते.