पलाऊत कामाला येताय? पलाउअन बोलायला अशी सुरुवात करा

मी पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ या बेटांच्या देशात, कोरोरला, डायव्हिंगच्या बोटीवर काम करते. आपल्याकडचं कुणी इथे नोकरीला आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "इंग्रजी चालतं ना?" चालतं. घटनेप्रमाणे पलाउअन आणि इंग्रजी दोन्ही अधिकृत भाषा आहेत. पण देशाची वस्ती सुमारे १८ हजार, त्यात बाहेरून आलेलेही बरेच. तुम्ही परके दिसलात की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. नुसतं राहून ही भाषा येत नाही, ती मुद्दाम बोलावी लागते.

भेटल्यावर "अलीई", काम झालं की "सुलाङ", म्हणजे आभार. उत्तर इंग्रजीत आलं तरी पुढचं वाक्य पलाउअनमध्येच टाका: "के उआ ङराङ?" कसे आहात?

शब्दाच्या सुरुवातीला येणारा ङ आधी घोटून घ्या, राजधानीचं नावच ङरुलमुद आहे. 'गंगा' सावकाश म्हणा, मधला नाकातला आवाज धरा आणि तिथूनच शब्द सुरू करा. रोमन लिपीत सीएच दिसलं की च म्हणू नका. नको म्हणताना आपण "अं-अं" करतो ना, त्यात घसा क्षणभर बंद होतो, तोच हा आवाज; खाली तो मी ' या खुणेने दाखवलाय.

मोजणी मात्र आपल्याला सोपी जाते. वस्तू दोन असल्या तर अरुङ, माणसं दोघं असली तर तरुङ. तीनला अदेई, तिघांना तदेई. 'आपण'साठी किद, 'आम्ही'साठी कमाम. इंग्रजीतून शिकणारे इथे अडखळतात, आपण नाही.

शिकायला सर्वांत चांगली जागा सुपारीची. हिरवी सुपारी चिरायची, चुना भुरभुरायचा, पानाचा तुकडा घालून दाढेखाली धरायची. सुपारी बूउ', पान कबुई, चुना 'आउस. पाहुणे उतरले, बोट धुऊन झाली की आमची मंडळी पिशवी उघडून बसतात आणि इंग्रजी तिथेच संपतं. खाल्ली नाही तरी चालेल, पण उठून जाऊ नका. जेवणाच्या डब्याला बेन्तो ऐकलंत तर दचकू नका, १९१४ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत जपानी अंमल होता, त्यांचे पुष्कळ शब्द इथलेच झालेत.

एक जपा. सोन्सोरोल आणि हातोहोबेई या दूरच्या बेटांच्या भाषा वेगळ्या आहेत. तिथल्या माणसाला त्याच्या घरची भाषा कोणती ते आधी विचारा, आणि त्या भाषेतला नमस्कार त्याच्याकडूनच शिकून घ्या.