स्थलांतर-विश्लेषणासाठी स्वतःचे नियम कसे लिहावेत

बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी या भागातील एखाद्या पतसंस्थेची, साखर कारखान्याची किंवा उद्यमबागेतील कारखान्याची जावा ८ वर चालणारी प्रणाली जावा २१ वर न्यायचे ठरले, की नेमके काय काय बदलावे लागणार हा प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो. एवढा कोड ओळ न् ओळ हाताने वाचून काढणे शक्य नसते, म्हणून कोनव्हेयरसारखे विश्लेषण-साधन वापरले जाते. हे मुक्तस्रोत साधन कोड न चालवता वाचते, तो नियमांशी ताडून पाहते आणि कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीवर काम करावे लागेल याचा अहवाल देते. त्याच्यासोबत येणारे तयार नियम जावा आणि तिच्यासाठीच्या स्प्रिंग व जकार्ता या चौकटी यांना चांगले ओळखतात. मात्र आपल्या ऊस-नोंदणीत शेतकऱ्याचे नाव कोणत्या फाँटमध्ये साठवले आहे, किंवा जीएसटीचा राज्य-कोड कोडमध्ये कुठे थेट लिहून ठेवला आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. ते आपल्यालाच नियमांच्या रूपाने सांगावे लागते, आणि स्थलांतराच्या कामात सर्वांत आधी वेळ द्यायचा तो इथेच, असे माझे ठाम मत आहे.

नियमाची रचना

नियम यामल (नाव-मूल्य अशा जोड्यांनी माहिती मांडण्याची साधी मजकूर-पद्धत) फाइलमध्ये लिहिला जातो. प्रत्येक नियमाला एक ‘रूलआयडी’ असते आणि ती त्या नियमसंचात दुसऱ्या कोणालाही दिलेली नसावी. त्यानंतर थोडक्यात वर्णन, ‘कॅटेगरी’, ‘एफर्ट’, लेबले (नियम कोणत्या लक्ष्यासाठी आहे ते सांगणाऱ्या खुणा), ‘व्हेन’ आणि ‘मेसेज’ येतात. ‘व्हेन’मध्ये अट असते, तर ‘मेसेज’मध्ये ती अट पूर्ण झाल्यावर प्रोग्रामरला काय सांगायचे ते असते. कॅटेगरी तीन प्रकारची असते. बदल केल्याशिवाय प्रणाली नव्या ठिकाणी चालणारच नसेल तर ‘मँडेटरी’, बदल इष्ट असेल पण अडणार नसेल तर ‘ऑप्शनल’, आणि माणसाने पाहून ठरवायचे असेल तर ‘पोटेन्शियल’. नवीन माणूस बहुधा सगळ्याच नियमांना मँडेटरी ठरवतो. त्यामुळे अहवाल लालेलाल होतो आणि खरोखर अडणारी जागा त्यात हरवते.

अटींचे प्रकार अनेक असले तरी रोजच्या कामात चार पुरतात. मजकुरात नमुना शोधायचा असेल तर ‘बिल्टइन.फाइलकंटेंट’, एक्सएमएल फाइलमधील घटक शोधायचा असेल तर ‘बिल्टइन.एक्सएमएल’, जावा वर्गाचा किंवा मेथडचा वापर शोधायचा असेल तर ‘जावा.रेफरन्स्ड’ आणि लायब्ररीची आवृत्ती तपासायची असेल तर ‘जावा.डिपेंडन्सी’. ‘अँड’ आणि ‘ऑर’ वापरून या अटी जोडता येतात आणि ‘नॉट’ने उलट करता येतात. एक्सएमएलच्या अटीत एक्सपाथ (घटकापर्यंत पोचण्याचा मार्ग) लिहिताना फाइलला नेमस्पेस (घटकांची नावे कोणत्या संचातील ते सांगणारी ओळख) आहे का ते आधी पाहावे. ती असेल आणि अटीत दिली नसेल, तर एक्सपाथ बरोबर असूनही काहीच सापडत नाही.

यामलच्या बाबतीत दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. एक, ओळीच्या सुरुवातीच्या समासासाठी टॅब चालत नाही, मोकळ्या जागाच द्याव्या लागतात. दुसरी, रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायच्या मजकुराचा नमुना) एकेरी अवतरणचिन्हांत लिहावे, कारण दुहेरी अवतरणचिन्हांत यामल उलट्या तिरक्या रेघेचा वेगळा अर्थ लावते आणि मग नमुना दिसायला बरोबर असूनही जुळत नाही.

कोणते नियम लिहू नयेत

‘जावाएक्स’ने सुरू होणाऱ्या पॅकेज-नावांकडून ‘जकार्ता’ने सुरू होणाऱ्या नावांकडे जाण्याचे नियम साधनात आधीपासून आहेत, ते पुन्हा लिहिण्यात वेळ घालवू नये. तरीही त्यातील एक बारकावा इथे सांगायला हवा, कारण स्वतःचे नियम लिहिताना तोच उपयोगी पडतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजांची नावे बदलली, म्हणून ‘जावाएक्स’ने सुरू होणारी प्रत्येक ओळ पकडावी असे कोणालाही वाटेल. पण जावाएक्स.एसक्यूएल, जावाएक्स.क्रिप्टो, जावाएक्स.नेमिंग आणि जावाएक्स.स्विंग ही पॅकेजे जेडीकेचीच (जावाच्या मूळ संचाचीच) असून ती जशीच्या तशी राहिली आहेत. जावाएक्स.ॲनोटेशनमधील पोस्टकन्स्ट्रक्ट जकार्तामध्ये गेले, मात्र त्याच नावाखालचे जावाएक्स.ॲनोटेशन.प्रोसेसिंग जेडीकेमध्येच आहे. जावाएक्स.ट्रान्झॅक्शन गेले, पण त्याखालचे एक्सए मागे राहिले. म्हणजे नावाच्या सुरुवातीवरून नियम लिहिला, तर जिथे बोटही लावायचे नाही अशा जागा अहवालात येतात. म्हणून नियम लिहिण्यापूर्वी ‘हा कुठे लागू पडू नये?’ या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून काढावे. जो नियम नको तिथे चार वेळा जुळतो, त्याच्या पाचव्या, खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी पाहत नाही.

अक्षरसंचाचा नियम

आपल्या भागातील प्रणालींना सर्वाधिक धोका इथे आहे, म्हणून हा नियम सविस्तर मांडतो.

जावा १७ पर्यंत, अक्षरसंच (कोणता बाइट म्हणजे कोणते अक्षर हे ठरवणारा तक्ता) न सांगता फाइल उघडली तर जावा त्या संगणकाचा स्वतःचा अक्षरसंच गृहीत धरत असे. इंग्रजी मांडणीच्या विंडोजवर तो विंडोज-१२५२ असतो. २०२२ च्या मार्चमध्ये आलेल्या जावा १८ पासून मात्र सर्वत्र यूटीएफ-८ गृहीत धरले जाते. आता ऊस-नोंदणीची अशी एखादी जुनी मजकूर-फाइल घ्या, जिच्यात मराठी नावे युनिकोडपूर्व फाँटने, किंवा कन्नड नावे ‘नुडी’ या कन्नड टंकन-साधनाच्या जुन्या मांडणीने टंकित केली आहेत. त्या फाइलमध्ये खरी देवनागरी किंवा कन्नड अक्षरे नसतातच. लॅटिन अक्षरांचे व चिन्हांचे बाइट असतात आणि फाँटमुळे ते आपल्या लिपीसारखे दिसतात. त्यांतील १२७ च्या वरचे बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचले, की ते यूटीएफ-८ च्या रचनेत बसत नाहीत आणि त्यांच्या जागी प्रश्नचिन्हाचे काळे चौकट-चिन्ह येते. वाचून थांबलो तर नुकसान दिसण्यापुरतेच राहते. पण प्रणालीने तीच नोंद पुन्हा फाइलमध्ये लिहिली, तर मूळ बाइट कायमचे जातात आणि शेतकऱ्याचे नाव परत मिळवायला जुन्या पावत्यांखेरीज आधार उरत नाही. संकलनात (कोड कंपाइल करताना) चूक येत नाही, प्रणाली थांबत नाही, लॉगमध्येही काही दिसत नाही. म्हणूनच हे विश्लेषणात पकडणे अत्यावश्यक आहे.

या नियमाच्या ‘व्हेन’मध्ये ‘ऑर’खाली ‘जावा.रेफरन्स्ड’च्या अटी ठेवाव्यात. फाइलरीडर, फाइलरायटर, इनपुटस्ट्रीमरीडर, आउटपुटस्ट्रीमरायटर आणि प्रिंटरायटर या वर्गांची पूर्ण नावे पॅटर्नमध्ये द्यावीत आणि लोकेशन ‘कन्स्ट्रक्टर कॉल’ असे द्यावे. स्ट्रिंगच्या गेटबाइट्ससाठी आणखी एक अट, लोकेशन ‘मेथड कॉल’. फाइल्स.रीडऑललाइन्स किंवा फाइल्स.न्यूबफर्डरीडर यांना या नियमात घेऊ नये, कारण अक्षरसंच न दिल्यास ते जावा ८ पासूनच यूटीएफ-८ धरत आले आहेत; जावा बदलल्याने त्यांच्या वागण्यात फरक पडत नाही.

वर्गाच्या नावावर लिहिलेली ही अट त्या वर्गाचे सगळेच कन्स्ट्रक्टर पकडते. अक्षरसंच स्पष्ट दिलेल्या जागाही त्यात येतात. म्हणून या नियमाची कॅटेगरी पोटेन्शियल ठेवावी आणि निवड कशी करायची ते संदेशात सांगावे. संदेश असा असावा: ‘इथे फाइल उघडताना अक्षरसंच दिला आहे का ते पाहा. दिला असेल तर काही करू नका. दिला नसेल तर ही फाइल कोण तयार करते ते शोधा. ती आपलीच प्रणाली युनिकोडमध्ये लिहीत असेल तर यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. ती जुन्या फाँटची असेल तर विंडोज-१२५२ स्पष्ट लिहा आणि फाइलचे नाव रूपांतराच्या यादीत नोंदवा.’ संदेश वाचणारा माणूस कदाचित काल रुजू झालेला असेल आणि त्याला आपल्या प्रणालीचा पूर्वेतिहास माहीत नसेल, हे गृहीत धरूनच तो लिहावा. ‘अक्षरसंच तपासा’ एवढेच लिहिलेला नियम अर्धाच लिहिलेला असतो.

सर्व जागा दुरुस्त होईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून जावा सुरू करताना ‘फाइल.एन्कोडिंग’ला ‘कॉम्पॅट’ हे मूल्य देऊन जुने वागणे परत आणता येते. संदेशाच्या शेवटी ही सोय नोंदवावी, पण ती तात्पुरती आहे हेही त्याच वाक्यात लिहावे.

स्थलनामे आणि राज्य-कोड

१ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील १२ शहरांची इंग्रजी नावे अधिकृतपणे बदलली आणि त्यांत ‘बेलगाम’चे ‘बेळगावी’ झाले. त्याआधीच्या कोडमध्ये जिल्ह्याचे जुने इंग्रजी नाव तुलनेसाठी थेट लिहिलेले आढळते, आणि नव्या डेटाबेसमध्ये जिल्ह्यांची यादी नव्या नावांनी भरली की ती तुलना गुपचूप खोटी ठरते. यासाठी ‘बिल्टइन.फाइलकंटेंट’ वापरावे. नमुन्यात जुने नाव लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करता शोधावे आणि फाइल-पॅटर्न जावा, जेएसपी, प्रॉपर्टीज व एसक्यूएल या विस्तारांपुरता मर्यादित ठेवावा.

या नियमाचा संदेश मात्र जपून लिहायला हवा. जिथे नावाची तुलना होते तिथे नावाऐवजी जिल्ह्याचा कोड वापरावा. जिथे नाव केवळ पडद्यावर दिसते तिथे संस्थेने ठरवलेले रूप लावावे. पण जिथे ते एखाद्या संस्थेच्या नोंदणीकृत नावाचा भाग आहे, किंवा जुन्या पावतीची, ठेवपत्राची प्रत पुन्हा छापण्यासाठी लागते, तिथे त्याला हात लावू नये. त्या कागदावर जे नाव होते तेच राहिले पाहिजे. साधनाला या तीन जागांतील फरक कळत नाही, तो माणसालाच पाहावा लागतो. म्हणून हाही नियम पोटेन्शियलच.

राज्य-कोडाचा नियम याहून अवघड आहे. कर्नाटकाचा जीएसटी कोड २९ आणि महाराष्ट्राचा २७. उद्यमबागेतून कोल्हापूरला गेलेल्या मालाला आयजीएसटी लागतो, हुबळीला गेलेल्या मालाला सीजीएसटी आणि एसजीएसटी. हा निर्णय कोडमध्ये ‘२९ शी तुलना’ अशा रूपात विखुरलेला असतो. नुसते २९ शोधले तर फेब्रुवारीची तारीखही सापडेल. म्हणून नमुना असा बांधावा की अवतरणचिन्हांतील २९ किंवा २७ आणि ‘स्टेट’ किंवा ‘जीएसटीआयएन’ हे शब्द एकाच ओळीवर असतील तरच तो जुळेल. याने काही जागा सुटतील हे खरे, पण जेवढ्या सापडतील तेवढ्या विश्वासार्ह असतील. सुटलेल्या जागा पुढे दिसल्या, की त्यांच्या रूपानुसार दुसरा नियम जोडावा. पहिलाच सैल करू नये.

श्रमांचा अंदाज

‘एफर्ट’ म्हणजे तास नव्हेत. तो तुलनात्मक गुणांक आहे आणि अहवालात तो सापडलेल्या जागांच्या संख्येने गुणला जातो. एखाद्या नियमाला ५ दिले आणि तो ४०० ठिकाणी जुळला, तर बेरीज २,००० दिसते, जरी प्रत्यक्षात एक सामाईक वर्ग बदलून सगळे सुटणार असले तरी. ज्या दुरुस्त्या एकाच ठिकाणी होतात त्यांना १ द्यावा आणि तसे संदेशात लिहावे. संचालक मंडळापुढे हा आकडा ठेवला जाणार असेल, तर ही काळजी प्रोग्रामरनेच घ्यायची असते.

चाचणी आणि चालवणे

कोनव्हेयरच्या कँट्रा या आज्ञावलीत नियमांची चाचणी घेण्याची सोय आहे. नियमाच्या फाइलशेजारी त्याच नावाची ‘टेस्ट’ जोडलेली यामल फाइल ठेवावी, तिच्यात नमुना-कोडच्या फोल्डरचा मार्ग द्यावा आणि नियम किती ठिकाणी जुळायला हवा तो आकडा ‘एक्झॅक्टली’ने सांगावा. नमुना-कोडमध्ये जुळायला हव्यात अशा दोन-तीन जागा आणि जुळू नयेत अशा त्याहून अधिक जागा ठेवाव्यात. राज्य-कोडाच्या नमुन्यात २९ तारखेची ओळ आणि २९ क्रमांकाच्या गोदामाची ओळ असलीच पाहिजे. ‘ॲटलीस्ट’ वापरण्याचा मोह टाळावा, कारण नियम गरजेपेक्षा जास्त जुळू लागला तरी ती चाचणी यशस्वीच दाखवते.

नियमांच्या फोल्डरमध्ये ‘रूलसेट’ नावाची यामल फाइल ठेवून तिच्यात संचाचे नाव व वर्णन द्यावे आणि विश्लेषणाची आज्ञा देताना ‘रूल्स’ या पर्यायाने तो फोल्डर दाखवावा. याच टप्प्यावर लेबलांकडे लक्ष हवे. विश्लेषणात लक्ष्य (ज्या तंत्रज्ञानाकडे जायचे ते) ठरवून दिले असेल आणि आपल्या नियमावर त्या लक्ष्याचे लेबल नसेल, तर नियम तपासलाच जात नाही आणि अहवाल स्वच्छ दिसतो. म्हणून अहवालाचे सुंदर पान पाहून समाधान न मानता सोबत तयार होणारी आउटपुटची यामल फाइल उघडावी. तिच्यात प्रत्येक संचाखाली न जुळलेले, वगळलेले आणि चूक आलेले नियम वेगळे नोंदलेले असतात. आपला नियम ‘न जुळलेले’मध्ये असेल तर तो तपासला गेला आणि काही सापडले नाही, ‘वगळलेले’मध्ये असेल तर लेबल दुरुस्त करून विश्लेषण पुन्हा चालवावे.

नियमांच्या फाइली प्रणालीच्या कोडसोबत गिटमध्येच (बदलांची नोंद ठेवणाऱ्या भांडारात) ठेवाव्यात आणि पोटेन्शियल नियमाने दाखवलेली जागा तपासून ‘बदल नको’ असे ठरले, तर तो निर्णय कारणासह त्याच भांडारात नोंदवावा, म्हणजे पुढच्या विश्लेषणात तीच ओळ पुन्हा वर आली तेव्हा ती दुसऱ्याला नव्याने तपासावी लागणार नाही.