वजनाची सर्जरी निवडताना आणि नंतर जगताना: या चुका टाळा

माझी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करण्याची वजनाची सर्जरी, होऊन सहा वर्षं झाली. ती मी निवडली कशी? ऑफिसातल्या एकाचे पस्तीस किलो उतरले होते, म्हणून. ‘त्याचं जे केलंत तेच माझं करा,’ असं डॉक्टरांना सांगून मोकळा झालो. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं, हे सांगितलंच नाही. तो आजार आहे असं वाटलंच नव्हतं. आपल्याकडे पित्त कोणाला नसतं? एंडोस्कोपी, म्हणजे घशातून नळी घालून जठर आतून बघण्याची तपासणी, करून घ्या म्हणाले, तीही मी ‘कशाला उगाच’ म्हणून टाळली. आज वजन ताब्यात आहे, मधुमेहाची गोळी सुटली आहे, पण पित्ताची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी चालू आहे आणि पलंगाचं डोक्याकडचं टोक दोन विटांवर आहे.

ओळखीपाळखीतून फोन येतात, त्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: कशात जास्त किलो जातात? मी उलट विचारतो: कोणती कटकट तुम्ही पुढची तीस वर्षं सांभाळू शकाल? कारण ऑपरेशन दोन-तीन तासांत उरकतं, कटकट मात्र कायमची सोबत येते.

किलो बघून प्रकार ठरवणं

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात. उरते केळ्याएवढी नळी. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक ज्या भागात जास्त तयार होतं, तो भागही त्यात जातो. आतड्याला हात लावत नाहीत, म्हणून लोकांना ती ‘साधी’ वाटते. पण कापलेलं जठर परत मिळत नाही, आणि अरुंद नळीत दाब वाढल्यामुळे जळजळ वाढू शकते. ज्यांना आधी नव्हती त्यांनाही सुरू होऊ शकते.

बायपासमध्ये, म्हणजे रू-एन-वाय प्रकारात, जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलीची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. बाकीचं जठर आत तसंच राहतं, फक्त अन्न तिथून जात नाही. जुनी, जबर जळजळ असेल तर साधारणपणे हा प्रकार बरा. बदल्यात गोळ्यांची शिस्त जास्त कडक, आणि जोडाच्या जागी अल्सर होण्याची भीती.

मिनी बायपास आपल्याकडे बराच चालतो. त्यात पिशवी लांबट असते आणि जोड एकच. ऑपरेशन तुलनेने सुटसुटीत होतं, पण आतड्याचा किती भाग वगळणार, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. जास्त वगळला तर प्रथिनं, लोह, जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. शिवाय पित्तरस उलटा पिशवीत चढू शकतो. तुम्ही पूर्ण शाकाहारी असाल, अंडंही चालत नसेल, तर ‘माझ्या आतड्याचे किती सेंटिमीटर वगळणार?’ हे डॉक्टरांना तोंडावर विचारा. ओशाळू नका, पोट आपलं आहे.

आणि किलोंचं म्हणाल तर: २०१८ साली स्वित्झर्लंड आणि फिनलंडमधल्या दोन चाचण्यांचे पाच वर्षांचे निकाल प्रसिद्ध झाले. दोन्हींत स्लीव्हची बायपासशी तुलना होती. वजनातला फरक लोक समजतात तेवढा मोठा निघाला नाही. स्विस चाचणीत जळजळीच्या बाबतीत मात्र बायपासवाले स्पष्ट पुढे होते. मी हे वाचलं ते ऑपरेशन झाल्यावर.

बलूनबद्दलही विचारतात. तो प्रकार सर्जरीत मोडत नाही. पोटात ठेवलेला फुगा बहुतेक प्रकारांत सहा महिन्यांनी काढतात, आणि सवयी तशाच राहिल्या तर वजनही परततं. जठराभोवती पट्टा बसवण्याचा प्रकार आता जवळपास मागे पडला आहे.

‘डॉक्टर हो म्हणाले, म्हणजे विमा देईल’

इथे पुष्कळ जण तोंडघशी पडतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) ३५ किंवा जास्त असेल तर इतर आजार नसतानाही सर्जरी सुचवता येते; आशियाई लोकांसाठी तर ही रेषा २७.५ पर्यंत खाली आणली आहे. विमा नियामकाच्या प्रमाणित अटी वेगळ्या आहेत: वय १८ किंवा जास्त, बीएमआय किमान ४०, किंवा किमान ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर आजारांपैकी एक, म्हणजे लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास किंवा ताब्यात न येणारा टाइप २ मधुमेह. आधीचे साधे उपाय फसलेले असले पाहिजेत, हीसुद्धा अट आहे. १६० सेंमी उंचीच्या बाईचा बीएमआय ३५ होतो साधारण ९० किलोला आणि ४० होतो १०२ किलोला. यांपैकी आजार नसेल तर मधल्या बारा किलोंत क्लेम अडकतो. म्हणून आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, झोपेच्या तपासणीचा अहवाल, शुगरचे जुने रिपोर्ट जपून ठेवा, आणि पूर्वपरवानगी लेखी घेतल्याशिवाय तारीख पक्की करू नका.

ताटात आधी भात

आपलं ताट भाताभोवती आणि पोळीभोवती मांडलेलं असतं. नव्या पोटात चार-सहा घास जातात, आणि ते भाताचे गेले की प्रथिनांना जागाच उरत नाही. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात साधारण ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा. कटाची आमटी कितीही फक्कड झाली तरी तिच्यात फारसं काही नसतं. शाकाहारी माणसाला सुरुवातीचे महिने प्रथिनांच्या पावडरीशिवाय हा आकडा गाठणं अवघडच जातं. त्यात कमीपणा मानू नये.

क्रम उलटा करा. आधी पिठलं, उसळ, पनीर, अंडं, मासा, मग भाजी, जागा राहिलीच तर भाकरीचा तुकडा आमटीत कुस्करून. मऊ पोळी आणि भात यांचा लगदा होऊन तो छातीत अडकल्यासारखा वाटतो. भाकरी त्या मानाने मला सोसते. पाणी जेवताना नाही. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास सोडून, तेही घोट घोट. लग्नात पंगतीला बसलात की ‘एवढंच? अजून एक जिलबी घ्या ना’ हा आग्रह होणारच. स्लीव्हवाल्याच्या पोटात ती जिलबी बहुधा मुकाट्याने उतरते. बायपासवाल्याला पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, आणि हात धुवायला उठावं तर गरगरतं. याला डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी शुगर उतरून हात थरथरतात. आग्रह करणाऱ्या मावशींना हे एकदा शांतपणे सांगून ठेवलेलं बरं.

उपवासाचं स्वतंत्र सांगतो. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, वरून चिकट. नवरात्राचे नऊ दिवस तिच्यावर काढले तर प्रथिनांचा हिशेब कोलमडतो. उपवास धरायचाच असेल तर दही, पनीर, दूध यांवर धरा, आणि पहिल्या वर्षी देवाची माफी मागून तो सोडलेलाच बरा.

वजन बहुतेकांचं एक ते दोन वर्षांत सर्वात खाली येतं आणि मग थोडं चढतं. ते चढवणारं काय असतं? चिवडा, फरसाण, चहात बुडवलेलं बिस्कीट, आइस्क्रीम. चिकन दोन घासांत पोट भरतं. चिवडा टीव्हीसमोर तासभर जात राहतो. मी स्वतः चौथ्या वर्षी सहा किलो परत मिळवले, ते याच वाटेने.

दुसऱ्या वर्षी गोळ्या बंद

ही चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत उशिरा कळते. बी१२ चा साठा शरीरात बराच काळ पुरतो, म्हणून गोळ्या थांबवल्या तरी वर्षभर काही होत नाही. माणूस म्हणतो, ‘मला तर काही लागतच नाही.’ मग तळपायांना मुंग्या सुरू होतात. मधुमेह असेल तर सगळे ते शुगरच्या खात्यात टाकतात. शाकाहारी घरांत बी१२ आधीच कमी असतं, मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी ते आणखी उतरवते, आणि त्यावर ही सर्जरी.

कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातलं घ्या, दिवसाचा डोस दोन-तीन भागांत वाटून. लोहाची गोळी त्याच्यासोबत घेऊ नका. मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी चहासोबत घेणंही वायाच, चहा लोह शोषू देत नाही. पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात रक्त तपासा, पुढे दरवर्षी. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, तेव्हा कांद्याच्या तेलावर पैसे घालवण्याआधी प्रथिनं आणि लोह बघा. बहुतेकांचे केस परत येतात.

सलग उलट्या आणि ग्लुकोजची सलाईन

हा भाग दोनदा वाचा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत आठवडाभर उलट्या होत असतील, काही पोटात टिकत नसेल, तर शरीरातलं थायमिन, म्हणजे बी१, झपाट्याने संपतं. अशक्तपणा वाटतो म्हणून जवळच्या दवाखान्यात जाऊन ग्लुकोजची बाटली चढवून घेतली, तर उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. नजर स्थिर न राहणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं दिसली तर उद्याची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात जा आणि ‘वजनाची सर्जरी झाली आहे’ हे पहिलं वाक्य बोला.

मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी

गुडघे दुखतात म्हणूनच तर अनेकांनी सर्जरी केलेली असते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या बायपासनंतर जोडाच्या जागी अल्सर करू शकतात. पॅरासिटामॉल चालतं, त्याने भागत नसेल तर सर्जनला विचारा. धूम्रपानानेही तोच अल्सर होतो. बायका ‘मी तंबाखू खात नाही’ असं डॉक्टरांना मनापासून सांगतात आणि घरी रोज मिश्री लावतात. मिश्री म्हणजे तंबाखूच, तीही सांगा. दारूचं थोडक्यात: तेवढ्याच पेगला आता लवकर आणि जास्त चढते, आणि सर्जरीनंतर व्यसन लागण्याचा धोका वाढतो.

उलट, जुन्या गोळ्या तशाच चालू ठेवणंही घातक. जेवण चार घासांवर आलं आणि इन्शुलिनचा किंवा ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळीचा डोस पूर्वीचाच राहिला, तर शुगर धोकादायक खाली जाते. बीपीच्या गोळ्यांचंही तसंच. घरी जातानाच नवा डोस लिहून मागा.

‘गॅस झालाय’ आणि इतर गैरसमज

पहिल्या काही दिवसांत नाडी सतत १२० च्या वर, ताप, श्वास लागणं, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, असं काही असेल तर टाक्यांतून गळती झाल्याची शंका घ्यावी लागते. बायपासनंतर वर्षांनीही पोटात मुरडून कळा आल्या, तर आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं, आणि सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं होत नाही. उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर पित्ताशयातले खडे. वजन झपाट्याने उतरताना ते होतात, म्हणून काही डॉक्टर सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची गोळी देतात.

पीसीओडी (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा त्रास) असलेल्या मुलींची पाळी वजन उतरल्यावर नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता अचानक वाढते. पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते, आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही. पुढे गरोदरपणात ग्लुकोज पिऊन करायची चाचणी सांगितली, तर आधी सर्जरीचं सांगा, नाहीतर लॅबमध्येच डम्पिंग होईल.

शेवटचा घोटाळा शब्दाचा. ‘बायपास झालंय’ म्हटलं की आपल्याकडे समोरचा हृदयच समजतो. गावाकडे एका ओळखीच्याला असंच ईसीजीला बसवलं होतं, पोट दुखत असताना. म्हणून पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: सर्जरीचं पूर्ण नाव आणि तारीख, सर्जनचा फोन, आतड्याचा किती भाग वगळला, कोणत्या गोळ्या चालत नाहीत, आणि लाल शाईने: ‘उलट्या होत असतील तर ग्लुकोजआधी थायमिन.’