पाय, पैसा आणि जोडीदार: मॉर्मन मिशनवर या चुका टाळा

छातीवर काळी नावपट्टी, पांढरा शर्ट, आणि कायम दोघं दोघं. अमेरिकेतल्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी घरांना ही मुलं अनोळखी नाहीत. दारावरची बेल कधी ना कधी वाजलेली असते. ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, म्हणजे लोकांच्या तोंडचं मॉर्मन चर्च, अविवाहित तरुणांना 24 महिने आणि तरुणींना 18 महिने धर्मप्रचाराच्या सेवेला, म्हणजे मिशनवर, पाठवतं. कुठे जायचं ते सॉल्ट लेक सिटीत ठरतं, निवड उमेदवाराची नसते.

बाहेरच्याला वाटतं, या पोरांचं अवघड काम म्हणजे दिवसभर नकार ऐकणं. नकाराची सवय लवकर होते. मिशन रखडतं ते अंगठ्याच्या नखापायी, महिन्यातल्या पाचव्या सोमवारापायी, आणि ‘एवढ्यासाठी कुणाला कशाला सांगायचं’ म्हणून अंगावर काढलेल्या दुखण्यापायी. खालच्या बऱ्याच चुकांच्या मुळाशी उशिरा सांगणं हेच आहे.

पाय

निघायच्या आदल्या आठवड्यात नवेकोरे फॉर्मल बूट घेणं ही पहिली चूक. बूट तीन-चार आठवडे आधी घ्या आणि रोज तास-दोन तास घालून चाला. खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाऊल थोडं सुजतं. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहिली पाहिजे. जोड दोन हवेत आणि ते आलटूनपालटून घालायचे. आतला घाम नीट वाळायला एक दिवस लागतो. तोच जोड रोज घातला की अस्तर ओलं राहतं, ओलसर कातडी घासते आणि फोड येतो. निव्वळ सुती मोजे घाम धरून ठेवतात. लोकरमिश्रित किंवा सिंथेटिक मोजे बरे. छोटा फोड फोडू नका. चालताच येत नसेल इतका मोठा असेल, तर स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा आणि पट्टी लावा.

नख बोटात रुतणं हे मिशनऱ्यांचं ठरलेलं दुखणं. बूट पुढून आवळतो आणि नख गोल कापलेलं असतं, मग कोपरा मांसात शिरतो. नख सरळ कापा, कोपरे कोरू नका. लाली दिसली की कोमट पाण्यात दिवसातून दोन-तीनदा पंधरा मिनिटं पाय बुडवून ठेवा आणि सैल बूट घाला. पू दिसला तर त्याच दिवशी मिशनच्या आरोग्य प्रतिनिधीला फोन करा. उशीर झाला तर नखाचा तुकडा काढायची छोटी शस्त्रक्रिया आणि काही दिवस खोलीत बसणं आलं. त्यात जोडीदारही अडकतो, कारण नियमाने दोघांनी एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं असतं. एका नखापायी दोन माणसांचा आठवडा जातो.

सायकल, गाडी, शर्ट

सायकलवर टाय हँडलकडे लोंबतो. तो शर्टाच्या दोन बटणांमधून आत खोचा. पँटची उजवी मोरी साखळीत सापडते, तिला पट्टा बांधा. मुलींनी घोळदार स्कर्टने सायकल चालवायचा धोका घेऊच नये. 2018 च्या डिसेंबरपासून त्यांना फॉर्मल पँटची मुभा आहे. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, आडवं बसलेलं. मागे कलंडलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याप्रमाणे भरा आणि आठवड्यातून एकदा तपासा. कमी हवेच्या टायरला खड्ड्याच्या कडेवर पंक्चर होतं आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. कुलूप नुसत्या पुढच्या चाकाला लावलं, तर परत आल्यावर तेवढं चाकच सापडेल. फ्रेम आणि मागचं चाक एकत्र बांधा.

गाडी मिळाली तर दोन गोष्टी. मागे घेताना जोडीदाराने खाली उतरून, मागे उभं राहून खूण करायची हा नियम आहे. पावसात तो हमखास टाळला जातो आणि खांबाला धडक बसते ती पावसातच. दुसरं, मिशनच्या बऱ्याच गाड्यांत वेगावर नजर ठेवणारं, बोलून ताकीद देणारं यंत्र असतं. त्याच्याशी वाद घालू नका.

पांढऱ्या शर्टाची काख पिवळी पडते ती घाम आणि डिओडरंटमधल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांमुळे. त्यावर क्लोरीनचं ब्लीच ओतलं तर डाग जास्तच पिवळा होतो. ऑक्सिजन ब्लीचच्या कोमट पाण्यात तासभर भिजवा, मग धुवा. डाग गेल्याची खात्री होईपर्यंत ड्रायरमध्ये टाकू नका. उष्णतेने तो पक्का बसतो.

महिन्याचं गणित

1991 पर्यंत प्रत्येक कुटुंब आपल्या मुलाच्या मिशनचा खराखुरा खर्च उचलत असे. टोकियोला गेलेल्याला जबर, पेरूला गेलेल्याला कमी. त्या वर्षापासून सगळ्यांचा मासिक वाटा सारखा केला गेला. अमेरिकेतल्या मिशनऱ्यांसाठी तो 2020 च्या जुलैत 400 वरून 500 डॉलर झाला. हे पैसे चर्चकडे जमा होतात. भाडं त्या भागातलं मिशन कार्यालय भरतं आणि मिशनऱ्याच्या कार्डावर जेवण-प्रवासापुरती रक्कम महिन्याच्या महिन्याला येते.

चूक इथे होते: रक्कम चारने भागली जाते. फेब्रुवारी सोडला तर महिना चार आठवड्यांहून दोन-तीन दिवसांनी मोठा असतो. खरेदी होते ती सुटीच्या दिवशी, म्हणजे पी-डेला, आणि तो बहुतेक ठिकाणी सोमवारी असतो. पाच सोमवारांच्या महिन्यात शेवटचे दिवस नुसत्या नूडल्सवर निघतात. रक्कम पाचाने भागा. चार सोमवारांच्या महिन्यात पाचवा हिस्सा ट्यूब, बुटाचा तळ, बसभाडं यांना ठेवा. तांदूळ, डाळी, ओट्स, अंडी, गोठवलेल्या भाज्या महिन्याच्या सुरुवातीलाच भरा. पहिल्या रविवारी दोन जेवणांचा उपास असतो. शनिवारी रात्री चिप्सवर भागवून उपासाला बसलं की रविवारी दुपारी सायकलवर चक्कर येते. प्रकृतीला झेपत नसेल तर उपास करू नये, हे चर्चही सांगतं.

स्थानिक सभासद जेवायला बोलावतात. ॲलर्जी असेल तर आमंत्रण स्वीकारतानाच सांगा, ताटावर बसल्यावर नव्हे. आणि तासाभरात उठा.

पैशाची ही व्यवस्था तशी नवी. 1852 मध्ये ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात त्याने छोटीशी शाखा उभी केली, त्या काळी मिशनरी थैलीशिवाय निघत आणि लोकांच्या आसऱ्यावर राहत. ते दिवस किती रम्य होते असं म्हणणाऱ्यांनी उपाशीपोटी वर्षभर काढून पाहावं.

वेळापत्रक आणि दार

साधारण साडेसहाला उठणं, अर्धा तास व्यायाम, मग स्वतःचा अभ्यास, जोडीने अभ्यास, परकी भाषा असेल तर तिचा वेळ. रात्री साडेदहाला दिवे बंद. 2017 पासून स्थानिक गरजेनुसार वेळा सरकवायची मोकळीक आहे, पण झोपेचे आठ तास कापायची नाही. नवखा उत्साही मुलगा नेमकं तेच करतो: पाचला उठून जास्तीचं वाचन. दहाव्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी सोफ्यावर, प्रार्थना चालू असताना, तो डुलक्या घेतो.

भाषेत चूक होते ती निवडीची. प्रार्थनेचे आणि शिकवणीचे शब्द पाठ, पण ‘पुढची बस कधी’ विचारता येत नाही. स्पॅनिश वस्तीत नेमलेल्याने रोज एकच वाक्यरचना घ्यावी आणि ती त्या दिवशी दहा वेगवेगळ्या माणसांशी वापरावी. चुकीचं बोललं तरी लोक हसून दुरुस्त करतात आणि तेच लक्षात राहतं.

ठरलेल्या भेटी रद्द होणारच. आदल्या रात्री संदेश पाठवून खात्री करा, आणि प्रत्येक तासासाठी पर्याय लिहून ठेवा, तोही त्याच भागातला. शहराच्या दोन टोकांना भेटी ठेवणाऱ्यांचा निम्मा दिवस रस्त्यात जातो. ‘भेट रद्द झाली तर दारं ठोठावू’ हा पर्याय नव्हे, आळस आहे. जुन्या नोंदींतली तीन नावं लिहा.

दारावर बेल दाबली की दोन पावलं मागे आणि जरा बाजूला उभं राहा. चौकटीला चिकटून उभा असलेला टायवाला तरुण आतल्या माणसाला दडपण वाटतो. खिडकीतून डोकावू नका. कुंपण असेल तर फाटक आधी खडखडवा. कुत्रा असेल तर तोच उत्तर देईल. दारोदार धर्मप्रचाराला आधी परवाना घ्यायला लावणारा ओहायोतल्या एका गावाचा नियम 2002 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला (खटला यहोवा विटनेस या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचा होता). पण तेवढ्याने दारावरची ‘नको’ची पाटी ओलांडायचा हक्क मिळत नाही. पाटी दिसली की पुढे चला.

मराठी किंवा कुठल्याही भारतीय घरात हमखास चहा पुढे येतो. मॉर्मनांना चहा-कॉफी वर्ज्य. नुसतं ‘नो थँक यू’ म्हटलं की यजमानीणबाईंचा चेहरा पडतो. तिथे पाणी किंवा सरबत आपणहून मागून घ्यावं; काही तरी घेतलं एवढं घराला पुरतं.

घरात विरुद्धलिंगी व्यक्ती एकटी असेल तर आत जायचं नाही, पायरीवर बोलून दुसरी वेळ घ्यायची. अल्पवयीन मुलाला शिकवायच्या आधी पालकांची परवानगी लागते. या दोन नियमांना ‘आजच्यापुरता’ अपवाद नसतो.

भेट संपली की मिशनऱ्यांच्या ॲपमध्ये तिची नोंद त्याच तासात करा. ज्याने ‘पुन्हा येऊ नका’ सांगितलं त्याचं नाव तसं नोंदवलं नाही, तर सहा-सात आठवड्यांनी बदलीवर आलेली नवी जोडी नेमकं तेच दार वाजवते, आणि तिच्या वाट्याला आधीच्या जोडीचा राग येतो.

जोडीदार

जोडीदार निवडता येत नाही आणि त्याच्यापासून लांबही जाता येत नाही. भांडणं धर्मावरून क्वचित होतात. भांडी, गजर, घोरणं आणि सकाळी कोण किती वेळ बाथरूममध्ये, यांवरून होतात. आठवड्याच्या नियोजनाच्या बैठकीत दोघांनी एकमेकांशी मोकळं बोलायची सोय मुद्दाम ठेवलेली आहे. बहुतेक जोड्या ती ‘सगळं ठीक’ म्हणून दोन मिनिटांत उरकतात. तिथे स्वभावावर बोलू नका, एका कृतीवर बोला. ‘तू बेफिकीर आहेस’ याने काही बदलत नाही. ‘गजर वाजल्यावर दहा मिनिटांत उठलास तर आपण वेळेत निघू’ याने बदलू शकतं. ज्याला एकांत लागतो त्याने तसं सांगावं: त्याच खोलीत, रोज वीस मिनिटं, दोघंही गप्प. रुसवा समजून बसण्यापेक्षा हे बरं. जोडीदार नियम मोडतोय, मारतोय, धमकावतोय, तर मात्र बैठकीची वाट पाहू नका. मिशन अध्यक्षांना, म्हणजे त्या भागातल्या मिशनऱ्यांच्या प्रमुखांना, थेट फोन करा. ही चहाडी नाही.

मनाचं दुखणं

इथे सर्वांत जास्त नुकसान होतं. नैराश्य किंवा चिंतेवरची गोळी चालू असलेला मुलगा मिशनवर येतो, ‘आता देवाच्या कामात आहे, गरज नाही’ म्हणून ती बंद करतो. काही औषधं अचानक सोडली तर काही दिवसांतच चक्कर, झोप उडणं, चिडचिड सुरू होते आणि मूळ आजार काही आठवड्यांनी उलटतो. डोस बदलायचा तर डॉक्टरला विचारून. औषध संपायच्या तीन आठवडे आधी पुढची सोय करा. परदेशात तेच औषध दुसऱ्या नावाने मिळतं किंवा मिळतच नाही.

अर्जातला आरोग्याचा भाग खरा भरा. आजार लपवून नेमणूक मिळाली तर ती अशा गावी मिळू शकते जिथून मानसोपचारतज्ज्ञ चार तासांवर आहे. मोकळेपणाने सांगणाऱ्याला योग्य जागी पाठवता येतं, किंवा घरी राहून करायची सेवा-मिशन देता येते.

एक दुखणं ओळखू येत नाही, कारण ते भक्तीसारखं दिसतं: प्रार्थना ‘नीट’ झाली नाही म्हणून पुन्हा पुन्हा करणं, दोन मिनिटं उशिरा उठल्याची कबुली अध्यक्षांना परत परत देणं, माफी मिळूनही चैन न पडणं. हा ओसीडीचा, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मानसिक आजाराचा, धार्मिक अवतार असू शकतो. त्याला आणखी कडक शिस्त हा उपाय नाही, तिने तो वाढतो, उपचार लागतात.

चर्चने मिशनऱ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत ताणाचे चार रंग दिले आहेत: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. रोज रात्री जोडीदाराला नुसता रंग सांगायचा. नारिंगी काही दिवस टिकला तर अध्यक्षांना कळवा, लाल असेल तर त्याच रात्री. जीव नकोसा वाटण्याची गोष्ट तर सकाळपर्यंतही थांबवायची नाही. अमेरिकेत 988 या क्रमांकावर चोवीस तास माणूस बोलायला असतो.

घरच्यांशी 2019 च्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला बोलता येतं. त्याआधी फोन वर्षातून दोनदाच, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. या सुधारणेतही एक खाच आहे. तीन तासांचा व्हिडिओ कॉल झाला की पी-डेची दुपार जाते, कपडे ओले राहतात, आणि घरची ओढ कमी व्हायच्या ऐवजी वाढते. तास-पाऊण तास, ठरलेल्या वेळी. आईवडिलांनीही जोडीदाराची तक्रार ऐकून थेट मिशन कार्यालयाला फोन लावू नये. आधी मुलाला विचारावं, ‘तू कुणाला सांगितलंस?’

हातांनी करायची सेवा

पुरानंतर किंवा चक्रीवादळानंतर पिवळे सदरे घालून चर्चची माणसं घरं साफ करताना दिसतात. त्यात मिशनरीही असतात. उत्साहात पहिला कुदळीचा घाव घालणं ही इथली चूक. आधी वीज मुख्य स्विचवरून बंद असल्याची खात्री, मग घरमालकाने विम्यासाठी सगळ्या खोल्यांचे आणि पाण्याच्या रेषेचे फोटो काढणं, मग काम. एन-95 मास्क, जाड हातमोजे, बूट. भिंतीचा जिप्सम बोर्ड पाण्याच्या रेषेच्या किमान एक फूट वरपर्यंत कापतात. पाणी तीन फुटांच्या आत असेल तर सरळ चार फुटांवर कापणं सोयीचं, कारण आडव्या बसवलेल्या बोर्डाचा सांधा तिथेच येतो आणि नवा अख्खा बोर्ड बसतो. बोर्डामागचं ओलं, लोकरीसारखं उष्णतारोधक अस्तर काढलं नाही तर बुरशी आतून चढते. जनरेटर घराबाहेर, खिडक्यांपासून किमान वीस फूट. चेनसॉ न शिकलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात कुणी दिला तर नाही म्हणायचं, फांद्या ओढायचं काम पुष्कळ असतं.

आणि गाळ उपसताना घरमालकाला धर्माची पुस्तिका देऊ नका. त्याने स्वतः विचारलं तर पुढच्या आठवड्याची वेळ घ्या. आज त्याला फ्रिज बाहेर काढायला चार हात हवे आहेत.