लठ्ठपणा मोजताना बाईला पुरुषाची फूटपट्टी लावू नका

नवरा-बायको एकाच दिवशी डाएट सुरू करतात. महिन्याने काट्यावर त्याचे चार किलो गेलेले, तिचा जेमतेम दीड. लगेच घरात निकाल लागतो, ‘ही चोरून खात असणार.’ ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण मेहनत करणारी बाई इथेच हात टेकते. पुरुषाच्या अंगात स्नायू जास्त, त्यामुळे बसल्या जागीही तो जास्त ऊर्जा जाळतो. त्याची चरबी बहुधा पोटाच्या आत साठते आणि ती लवकर उतरते. बाईची मांड्यांवर, नितंबांवर कातडीखाली बसते. ती चिवट असते. तिची तुलना तिच्याच मागच्या महिन्याशी करा, तीही पाळीच्या चक्रातल्या त्याच दिवसांशी. पाळीआधी अंगात पाणी धरल्यामुळे काटा किलो-दीड किलोने वर जाऊ शकतो. ती चरबी नव्हे.

पुरुषांची फसगत वेगळी. ‘माझी पँट अजून चौतीसचीच आहे’ म्हणतात, पण पट्टा केव्हाच पोटाखाली उतरलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप आडवी धरा, पोट आत ओढू नका, श्वास सहज सोडून आकडा बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पुरुषांत 94 आणि स्त्रियांत 80 सेंटीमीटरच्या पुढे धोका वाढतो; 102 आणि 88 च्या पुढे तो बराच वाढतो. आशियाई वंशाच्या पुरुषांनी 90 लाच सावध व्हावं.

नुसत्या बीएमआयवरही, म्हणजे उंचीच्या मानाने काढलेल्या वजनाच्या आकड्यावरही, विसंबू नका. लठ्ठपणाची 30 ची रेषा दोघांना एकच आहे, पण त्याच बीएमआयला बाईच्या अंगात चरबी जास्त असते. जगात 2022 मध्ये लठ्ठ स्त्रिया 50 कोटींच्या वर होत्या, पुरुष 37 कोटींच्या आसपास. पण तेवढ्यावरून हा बायकांचाच प्रश्न समजू नका. पोटातल्या चरबीमुळे टाइप 2 मधुमेह पुरुषाला कमी बीएमआयवरच गाठतो.

आणि चाळिशी-पन्नाशीच्या बाईला ‘वयाने होतं’ म्हणून गप्प बसवू नका. रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं संप्रेरक घटतं आणि चरबी मांड्यांऐवजी पोटाकडे वळते. काटा जागचा हलला नाही तरी कंबर वाढू शकते. वजन अचानक चढलं तर थायरॉइडची तपासणी करून घ्या; वय लहान असून पाळी अनियमित असेल तर पीसीओएस या संप्रेरकांच्या बिघाडाचीही. एरवी दर महिन्याला टेप लावा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा.