खलनायक शोधण्यापलीकडे: दुष्टता शिकवताना

साहित्यातून माणसातील दुष्ट प्रवृत्तीची ओळख करून द्यायची असेल, तर ज्या कलाकृतीत दुष्कृत्य करणारा प्रारंभी चारचौघांसारखाच असतो, तीच निवडावी. जन्मजात खलपुरुषाची कथा वाचून विद्यार्थी त्याचा धिक्कार करतात आणि स्वतःकडे न पाहताच मोकळे होतात. विल्यम गोल्डिंग यांची 1954 साली प्रसिद्ध झालेली ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही कादंबरी मला यासाठी सर्वांत उपयुक्त वाटते. निर्जन बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांची ही कथा लिहिणारा लेखक स्वतः शिक्षक होता आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलात लढला होता.

वाचन सलग न करता निर्णायक क्षणी थांबावे. या मुलांपैकी थोडा मोठा रॉजर लहानग्या हेन्रीच्या दिशेने दगड भिरकावतो, पण मुद्दाम नेम चुकवतो, कारण आईवडील, शाळा, पोलीस आणि कायदा यांचा अदृश्य धाक अजून त्याच्या हातावर आहे. येथे पुस्तक मिटून विचारावे: हा हात विवेकाने आवरला की सवयीने? या एका प्रश्नासाठी अख्खा तास गेला तरी तो सत्कारणी लागला असे मी मानतो. पुढे चेहरा रंगवताच शिकारी मुलांचा म्होरक्या जॅक याची लाज कशी गळून पडते, हे मग विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही.

मुलांच्या जमावाने केलेल्या सायमनच्या हत्येनंतरची सकाळ मात्र शब्दाशब्दाने वाचावी. त्या जमावात असलेल्यांपैकी रॅल्फ त्या कृत्याला खून म्हणतो, पिगी अपघात म्हणतो आणि अखेर आपण तेथून लवकर निघालो होतो, असे दोघेही सांगू लागतात. अपराध झाकणारे हे शब्द विद्यार्थ्यांना वहीत क्रमाने टिपायला लावावेत. चिमुकल्यांना फळे तोडून देणारा सायमनही याच मुलांमधला होता, याची आठवण याच वेळी द्यावी. अन्यथा ‘माणूस मुळातच वाईट’ असा सोपा निष्कर्ष वर्गात रुजतो.

शेवटी, आपण कधी गप्प राहून अन्यायाला साथ दिली का, यावर विद्यार्थ्यांनी स्वतःपुरते लिहावे. वर्गात छळ सोसलेले कोणी बसलेले असू शकते, म्हणून लिहिण्याची वा वाचून दाखवण्याची सक्ती करू नये आणि ते कागद शिक्षकाने गोळाही करू नयेत.