पाचांच्या संघातला नवा गडी: व्हॅलोरंट खेळायला सुरुवात कशी करावी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडील मराठी तरुणांची नेमबाजीच्या खेळांशी पहिली ओळख बहुधा मोबाइलवरच्या बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या खेळातून होते. पुढे शिक्षणासाठी लॅपटॉप हाती आला किंवा मित्रांनी शहरातल्या एखाद्या गेमिंग कॅफेत नेले, की तेच तरुण व्हॅलोरंटकडे वळतात. रायट गेम्स या कंपनीने २ जून २०२० रोजी आणलेला हा खेळ विनामूल्य असून त्यात पाच जणांचा एक संघ दुसऱ्या पाच जणांशी लढतो. मोबाइलवर उत्तम नेम असलेला गडीदेखील इथे सुरुवातीला वारंवार मरतो आणि आपला माउसवरचा हात बसला की सर्व ठीक होईल, अशी स्वतःची समजूत घालतो. माझ्या मते संघाचे खरे नुकसान वेगळ्या तीन गोष्टींनी होते: तो एकटा पुढे जातो, चुकीच्या फेरीत पैसे उधळतो आणि जे दिसले ते सांगत नाही. या तिन्ही सवयी नेम सुधारण्याच्या कितीतरी आधी बदलता येतात, म्हणून या लेखात त्यांनाच अधिक जागा दिली आहे.

खेळाची चौकट

एक संघ हल्ला करतो व दुसरा बचाव. हल्ला करणाऱ्यांकडे स्पाइक नावाचा बॉम्ब असतो आणि तो ए किंवा बी अशा ठरावीक जागांपैकी एका जागी लावायचा असतो. लावण्यास ४ सेकंद लागतात, लावल्यावर ४५ सेकंदांनी तो फुटतो आणि निकामी करण्यास ७ सेकंद लागतात. मात्र अर्धे काम झाल्यावर हात काढावा लागला तर ते अर्धे काम शिल्लक राहते. प्रत्येक फेरी १ मिनिट ४० सेकंदांची असते, त्याआधी साधारण ३० सेकंद खरेदीसाठी मिळतात. १२ फेऱ्यांनंतर बाजू बदलतात आणि जो संघ आधी १३ फेऱ्या जिंकतो तो सामना जिंकतो. १२-१२ अशी बरोबरी झाल्यास जादा फेऱ्या होतात. मेलेला खेळाडू सहसा फेरी संपेपर्यंत परत येत नाही, आणि मोबाइलवरून आलेल्यांना सर्वांत आधी पचवावी लागते ती हीच गोष्ट, कारण तुम्ही घाईने दिलेला एक जीव उरलेल्या चौघांना संपूर्ण फेरीभर भोवतो.

यातून एक व्यावहारिक धडा निघतो. स्पाइक लागल्यानंतर वेळ हल्ला करणाऱ्यांच्या बाजूने असते, त्यामुळे शत्रूला शोधत फिरण्याचे काही कारण उरत नाही. स्पाइक दिसेल अशा आडोशाला थांबावे, दुसऱ्या सोबत्याने वेगळ्या कोनातून तीच जागा धरावी आणि शत्रूला आपल्याकडे येऊ द्यावे. नवखे खेळाडू नेमके याच वेळी उत्साहाने पुढे धावतात आणि जवळजवळ जिंकलेली फेरी हातची जाते.

यंत्र, जोडणी आणि पहिली मांडणी

खेळाला फार महाग संगणक लागत नाही. ४ जीबी रॅम आणि साधी अंगभूत ग्राफिक्स असलेल्या यंत्रावरही तो कमीत कमी पातळीवर चालतो. विंडोज ११ असल्यास टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या संगणकातल्या दोन सुरक्षा सुविधा सुरू असाव्या लागतात. खेळासोबत येणारी व्हॅनगार्ड ही फसवेगिरी रोखणारी यंत्रणा संगणक सुरू होतानाच चालू होते, म्हणून ती बंद केली असेल तर पुन्हा खेळण्यापूर्वी संगणक रीस्टार्ट करावा लागतो. लॅपटॉप वडिलांच्या किंवा भावाच्या कामाचा असेल तर हे त्यांना आधी सांगूनच खेळ बसवावा.

आपल्या भागातून मुंबईचा सर्व्हर निवडावा. वाय-फायपेक्षा राउटरपासून थेट केबल जोडणे केव्हाही चांगले, कारण पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन येण्यास लागणारा वेळ) थोडा जास्त असला तरी निभावते, परंतु तो सतत वरखाली होत असेल तर समोरचा नेमका कुठे आहे हेच कळेनासे होते. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला वीज गेली की राउटरही बंद पडतो. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर त्यावर घ्यावा, आणि नसेल तर मुसळधार पावसाच्या संध्याकाळी पूर्ण सामना न खेळता सरावच करावा. मध्येच बाहेर पडलात तर तुमच्यावर काही काळ खेळबंदी येतेच, शिवाय चौघांना पाचांशी लढावे लागते. पूर्ण सामना अर्ध्या तासाहून सहज लांबतो. जेवणाची हाक येणार असेल तर स्विफ्टप्ले हा छोटा प्रकार निवडावा, कारण तो ५ फेऱ्या जिंकल्यावर संपतो.

हेडफोन अत्यावश्यक आहेत. धावण्याचा आवाज बऱ्याच अंतरापर्यंत ऐकू जातो, शिफ्ट दाबून चालल्यास जात नाही, आणि ध्वनीच्या मांडणीत एचआरटीएफ सुरू केल्यास तो आवाज कोणत्या दिशेचा आहे हे अधिक स्पष्ट कळते. माउसची गती नवखे लोक फार जास्त ठेवतात. माउसचा डीपीआय (हाताची हालचाल टिपण्याची बारीकी) ८०० असेल तर खेळातली सेन्सिटिव्हिटी ०.३ ते ०.४ च्या दरम्यान ठेवून पाहावी आणि एकदा ठरल्यावर ती सारखी बदलू नये.

पैशांचा हिशेब

या खेळात बंदुका जमिनीवर पडलेल्या सापडत नाहीत, त्या प्रत्येक फेरीआधी क्रेडिट, म्हणजे खेळातले पैसे, देऊन विकत घ्याव्या लागतात. माझ्या अनुभवात नवख्या खेळाडूमुळे संघ सर्वाधिक अडचणीत येतो तो इथेच, म्हणून हा भाग थोडा सविस्तर पाहू.

पहिल्या फेरीत प्रत्येकाकडे ८०० क्रेडिट असतात. फेरी जिंकल्यास ३००० मिळतात. हरल्यास १९००, सलग दुसऱ्यांदा हरल्यास २४०० आणि त्यापुढे २९००. प्रत्येक शत्रू मारल्याचे २०० वेगळे, आणि स्पाइक लावल्यास हल्ला करणाऱ्या प्रत्येकाला ३००. मुख्य दोन रायफली म्हणजे व्हँडल आणि फँटम, दोन्हींची किंमत २९००. जड शील्ड (अंगावरचे कवच) १००० ला, हलकी ४०० ला, स्पेक्टर ही छोटी बंदूक १६०० ला येते.

आता समजा पहिल्या फेरीत तुम्ही ८०० संपवले आणि हरलात. दुसऱ्या फेरीला हाती १९०० असतील. इथे मोह होतो की स्पेक्टर घ्यावी. ती घेतली आणि पुन्हा हरलात तर उरलेले ३०० आणि मिळालेले २४०० मिळून तिसऱ्या फेरीला २७०० होतात, म्हणजे या दोन मुख्य रायफलींपैकी एकही येत नाही. उलट दुसऱ्या फेरीत काहीही न घेता फुकटच्या पिस्तुलावर भागवले, तर तिसऱ्या फेरीला ४३०० जमतात. त्यात रायफल, जड शील्ड आणि वर ४०० क्रेडिटची कौशल्ये बसतात. एक फेरी कमी सामानाने खेळून पुढची पूर्ण ताकदीने खेळणे, हे ज्याला समजले त्याला खेळाचा अर्धा हिशेब समजला असे मी मानतो.

परंतु हे पाचही जणांनी एकत्र करायला हवे. चौघांनी बचत केली आणि एकाने सर्व खर्च केला, तर त्या फेरीत तो एकटाच सज्ज असतो आणि पुढच्या फेरीत तो एकटाच रिकामा. म्हणून बी दाबून खरेदीचा फलक उघडल्यावर आधी सोबत्यांकडे किती क्रेडिट आहेत ते पाहावे, मग स्वतःची खरेदी करावी. हरल्यास पुढच्या फेरीला किमान किती क्रेडिट असतील, हा आकडाही त्याच फलकावर दिसतो. एखाद्याकडे ६०००-७००० साठले असतील तर त्याने मागणाऱ्याला रायफल घेऊन द्यावी. एका खेळाडूला ९००० हून अधिक साठवताच येत नाहीत. फेरी हातची गेली आणि तुमच्याकडे रायफल असेल, तर तीन-चार शत्रूंवर एकट्याने चालून जाण्याऐवजी दूर राहून ती वाचवावी, कारण जिवंत राहिलेल्याची बंदूक पुढच्या फेरीत टिकते.

सोबत राहणे आणि सांगणे

पहिल्या काही आठवड्यांत एकच नियम पाळायचा असेल तर तो असा: पुढे जाणाऱ्या सोबत्याच्या मागे दोन-चार पावलांवर राहा. तो मेला तर मारणारा शत्रू त्याच क्षणी तुमच्यासमोर उघडा असतो, आणि एकाच्या बदल्यात एक असा हिशेब बरोबर राहतो. कबड्डीत साखळी सोडून एकट्याने चढाईपटूला धरायला धावलेला गडी जसा स्पर्श होऊन बाद होतो, तसाच इथे एकटा पुढे गेलेला खेळाडू काहीच न मिळवता जातो. दहा पावले मागे राहणेही निरुपयोगी आहे, कारण तुम्ही पोहोचेपर्यंत शत्रू आडोशाला गेलेला असतो.

दुसरी गोष्ट बोलण्याची. सांगण्यासारख्या बाबी तीनच असतात: किती जण, कुठे, आणि त्यांचे किती नुकसान झाले. ‘दोघं, ए मेन, एकाला ऐंशी लागलेत’ एवढे वाक्य पुरे होते. ‘तिकडे आहे रे, तिकडे!’ असे ओरडण्याचा कोणालाच उपयोग होत नाही, कारण तुमचे ‘तिकडे’ इतरांना दिसत नाही. मरण पावल्यावर दोन सेकंदांत एवढे सांगावे आणि शांत बसावे. जो जिवंत आहे त्याला पावलांचे आवाज ऐकायचे असतात. जागांची नावे नकाशावर लिहिलेली असतात, तीच वापरावीत.

आपल्याकडचे मित्रांचे पाचांचे संघ अनेकदा मराठी आणि कन्नड बोलणाऱ्यांचे मिळून बनतात, आणि गडबडीत प्रत्येकाच्या तोंडून स्वतःची भाषा येते. ‘मागं’ म्हटले काय किंवा ‘हिंदे’ म्हटले काय, पाचही जणांना तत्क्षणी कळले पाहिजे, एवढेच बघायचे. म्हणून खेळण्याआधी पाच मिनिटे बसून मागे, डावीकडे, उजवीकडे, थांब, चला अशा मोजक्या शब्दांवर एकमत करावे. अनोळखी लोकांसोबत खेळताना मुंबईच्या सर्व्हरवर हिंदी आणि इंग्रजी चालते. संघाशी बोलण्यासाठी व्ही, फक्त आपल्या मित्रांशी बोलण्यासाठी यू, आणि घरात सगळे झोपलेले असताना झेड दाबून नकाशावर खूण करता येते. न बोलणाऱ्याने निदान ती खूण तरी नेहमी करावी. कोणी शिवीगाळ केली, तुमच्या बोलण्याच्या ढबीवरून किंवा मुलगी आहे म्हणून त्रास दिला, तर वाद घालू नये. टॅब दाबून आलेल्या यादीतून त्याचा आवाज बंद करावा आणि सामना संपल्यावर तक्रार नोंदवावी. अशा माणसासाठी खेळ सोडण्याचे कारण नाही.

एजंट, नेम आणि नकाशे

सुरुवातीला ब्रिमस्टोन, जेट, फिनिक्स, सेज आणि सोव्हा हे पाच एजंट, म्हणजे वेगवेगळी कौशल्ये असलेली पात्रे, खुले असतात. जेटचे आकर्षण सर्वांना असते, परंतु तिची उडी वापरायला जागेची जाण लागते आणि ती येण्यास वेळ लागतो. सेज सोबत्याची जखम भरून काढते, भिंत उभारून वाट अडवते. ब्रिमस्टोन नकाशावर बोट ठेवून एका वेळी तीन ठिकाणी धूर सोडतो. नेम चुकला तरी या दोघांचा संघाला उपयोग होतोच, म्हणून पहिले काही महिने यांच्यापैकी एक पक्का करावा.

नेमाबाबत दोनच सवयी आधी लावाव्यात. चालताना झाडलेल्या गोळ्या इकडेतिकडे जातात, म्हणून थांबावे आणि मगच झाडावे. दुसरे म्हणजे क्रॉसहेअर, म्हणजे पडद्याच्या मध्यावरची नेमाची खूण, जमिनीकडे न ठेवता कायम डोक्याच्या उंचीवर, शत्रू जिथून येऊ शकेल त्या कोपऱ्यालगत ठेवावे. व्हँडलची डोक्याला लागलेली गोळी १६० इतके नुकसान करते, अंगाला लागलेली ४०. जड शील्डसह समोरच्याची एकूण ताकद १५० धरली तर त्याला मारण्यास डोक्याला एक किंवा अंगाला चार गोळ्या लागतात. रोज सामन्याआधी रेंज या खेळातल्या सराव-मैदानात थोडा वेळ स्थिर बाहुल्यांवर हाच सराव करावा.

स्पर्धात्मक प्रकारात एका वेळी सातच नकाशे असतात. त्यातले दोन आधी नीट शिकावेत आणि एकट्यानेच खासगी सामना उघडून त्यांतून फिरून यावे. जानेवारी २०२३ मध्ये आलेला लोटस हा नकाशा आपल्याच पश्चिम घाटात कल्पिलेला आहे आणि तो दिसायला अतिशय सुंदर आहे, परंतु स्पाइक लावण्याच्या तीन जागा आणि फिरणारी दगडी दारे यांमुळे तो नवख्यांना अवघड जातो. त्यापेक्षा दोन जागांचा असेंट आधी घ्यावा.

क्रमवारीचे सामने खात्याची पातळी २० झाल्यावर खुले होतात. तोवर अनरेटेड (क्रमवारीत न मोजले जाणारे सामने) व स्विफ्टप्ले खेळावे, आणि खुले झाले म्हणून लगेच धावू नये. वर सांगितलेला पैशांचा हिशेब न आठवता जमू लागला की मग जावे. जाताना एक तांत्रिक अट ध्यानात ठेवावी: क्रमवारीत एकट्याने, दोघांनी, तिघांनी किंवा पाचांनी मिळून जाता येते, चौघांना मिळून जाता येत नाही. गल्लीतले तुम्ही चौघेच असाल, तर एक तर दोन-दोनच्या जोड्या कराव्यात किंवा वर्गातला, शेजारच्या गावातला एखादा पाचवा गडी आधी अनरेटेडमध्ये सोबत खेळवून पाहावा आणि मगच त्याला क्रमवारीत घ्यावे.